मिरची, जाळी आणि वारा

"मावशी, डंकावर कुटू की मशिनीवर काढू?" लोणंदसारख्या गावात मार्च ते मे या दिवसांत मसाला गिरणीच्या दारात हा प्रश्न सतत विचारला जातो. बहुतेक बायका त्याचं उत्तर घरूनच ठरवून आलेल्या असतात. वर्षाची चटणी असेल तर डंक. नुसती हळद, धने किंवा साधं लाल तिखट असेल तर मशीन चालेल. का, म्हणून विचारलं तर "मशिनीवर वास जातो" एवढंच सांगतात. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. वास नुसत्या वेगाने जात नाही. बहुतेक वेळा तो जातो मशिनीतल्या जाळीपायी, आणि त्यातही जाळीची भोकं केवढी आहेत यापेक्षा त्या भोकांतून वारा किती वाहतो यावर जास्त ठरतं.

चटणी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पुण्याच्या पलीकडे या शब्दाला वेगळीच वस्तू पानात पडते. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. मुंबईत गेलेल्यांनी त्याला घाटी मसाला हे नाव मिळवून दिलं. रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. मग धने, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, हिंग, हळकुंड. हे सगळं वेगवेगळं तेलावर परतायचं. शेवटी उभा चिरून उन्हात वाळवलेला आणि तळलेला कांदा, सोललेला लसूण आणि मीठ. खंडाळा तालुक्यातलं लोणंद हे नीरा नदीजवळचं, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं गाव कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेलं. हळवा आणि गरवा हे दोन शब्द तिथल्या लिलावात रोजचे. हळवा लवकर खपवायचा, गरवा टिकवायचा. चटणीला जाणारा कांदाही असा टिकाऊ, कोरडा, घट्ट सालीचा लागतो. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. तोवर घरोघरी चटणीच्या बरण्या भरून झालेल्या असतात. पाऊस लागला की मिरची सादळते आणि सादळलेली मिरची कुठल्याच यंत्राला दाद देत नाही.

आता यंत्रांकडे वळू. डंक म्हणजे उखळ-मुसळच, फक्त मुसळ उचलायला माणसाऐवजी मोटर. फिरत्या दांड्यावरचा खटका लोखंडी मुसळ वर नेतो आणि सोडून देतो. ते आपल्या वजनाने खाली येतं. डंकात जाळी नसते. कुटलेलं बाहेर काढून चाळणीने चाळायचं, वर राहिलेली भरड परत उखळात टाकायची, पुन्हा चाळायची. अंगमेहनतीचं, वेळखाऊ काम.

ज्याला सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात तो पल्व्हरायझर. गोल डब्यात एक चक्र फिरतं, त्याला पोलादी पट्ट्या किंवा हातोडे बसवलेले असतात. डब्याच्या खालच्या अर्ध्या भागाला, कधी पूर्ण घेराला, भोकाभोकांचा पत्रा वळवून लावलेला असतो. हीच जाळी. वरून मिरची पडते, हातोडा तिला फोडतो, तुकडे जाळीवर आपटतात, पुरेसे बारीक झालेले भोकातून बाहेर जातात, बाकीचे पुन्हा हातोड्यापुढे येतात. थोडक्यात, या यंत्रात दळणारा हातोडा असला तरी सुटका कधी करायची ते जाळी ठरवते. आणि सुटका होईपर्यंत माल आत मार खात राहतो.

वेगाचा अंदाज घेऊ. चक्राचा व्यास ३० सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला २८८० धरले, तर हातोड्याचं टोक सेकंदाला सुमारे ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने जातं. मिरचीचे कण त्याच्यामागे जाळीला घासत, जवळजवळ समांतर धावत असतात. एवढ्या वेगाने धावणारा कण १ मिलिमीटरचं भोक ओलांडायला सेकंदाचा सुमारे पंचेचाळीस हजारावा भाग घेतो. तेवढ्या अवधीत त्याने वळून भोकात शिरायचं आहे. त्याला बाहेर ओढणारा वारा सेकंदाला ५ मीटरचा असेल, तर तेवढ्या वेळात कण बाहेरच्या दिशेला जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा सरकतो. म्हणून १ मिलिमीटरच्या जाळीतून १ मिलिमीटरचा कण सहसा येत नाही. त्याहून कितीतरी बारीक पूड येते. गिरणीवाल्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं. घरून येणाऱ्या माणसाला मात्र जाळी जेवढी बारीक तेवढी पूड चांगली असं वाटतं, आणि तो हट्टाने बारीक जाळी लावायला सांगतो.

बारीक जाळी लावली की काय होतं? दोन गोष्टी एकदम होतात. एक, भोकं लहान झाली की त्यांच्यामधल्या पत्र्याचं प्रमाण सहसा वाढतं. मधमाशीच्या पोळ्यासारख्या रचनेत मांडलेली गोल भोकं धरा. भोक १ मिलिमीटरचं आणि दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर २ मिलिमीटर असेल, तर जाळीचा फक्त २३ टक्के भाग उघडा असतो. तेच अंतर दीड मिलिमीटर केलं तर उघडा भाग ४० टक्क्यांवर जातो. भोक तेच, पूड जवळपास तेवढीच बारीक, पण बाहेर पडायची वाट पावणेदोन पट. दोन जाळ्या हातात घेऊन उजेडाकडे धरल्या तर हा फरक डोळ्यांना दिसतो. जाळी विकत घेताना मात्र भोकाचा आकडाच विचारला जातो, दोन भोकांतलं अंतर कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट पत्र्याच्या जाडीची. ठोकून पाडलेल्या भोकाचा व्यास सर्वसाधारणपणे पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवता येत नाही. ठोकणारी सुईच मोडते. त्यामुळे बारीक भोकांची जाळी पातळ पत्र्याची होते, लवकर झिजते आणि फाटते. उलट, भोक तेवढंच ठेवून पत्रा जाड केला तर कणाला जास्त लांबीच्या बोगद्यातून जावं लागतं, त्यामुळे पूड थोडी आणखी बारीक येते आणि जाळी चोंदण्याचा धोका वाढतो. भोकाची कडही महत्त्वाची. नव्या जाळीची कड धारदार असते. तिच्यावर आपटून तुकडा कापला जातो. वापरून वापरून ती कड गोल होते, कण नुसता घसरून पुढे जातो, आणि तोच माल काढायला जास्त वेळ लागतो. चक्र नेहमी एकाच दिशेने फिरत असल्यामुळे भोकाची एकच बाजू झिजते. म्हणून काही कारागीर जाळी काढून तिची टोकं उलटी करून बसवतात. न झिजलेली कड समोर येते आणि फुकटात आयुष्य वाढतं. जाळीत करण्याजोग्या सुधारणांमध्ये मला ही सगळ्यात हुशार वाटते, कारण तिला एक पैसा लागत नाही.

आता उष्णता. इथे थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागेल, पण ती केल्याशिवाय वास कुठे जातो ते कळणार नाही. ३ अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे २.२ किलोवॅट. दळण्यात नवा पृष्ठभाग तयार करायला प्रत्यक्षात लागणारी ऊर्जा या आकड्याचा अगदी किरकोळ भाग असते; बाकी सगळी घर्षण, आपटणं आणि आवाज यांच्या वाटेने शेवटी उष्णताच होते. तासाला सुमारे ८००० किलोज्यूल. तासाला २० किलो मिरची काढली आणि ही सगळी उष्णता मिरचीतच राहिली असं क्षणभर धरलं, तर तिचं तापमान दोनशे अंशांहून जास्त चढेल. म्हणजे मिरची डब्यातच करपेल. तसं होत नाही, कारण चक्र पंख्यासारखं वागतं. ते वरून हवा ओढतं, ती जाळीतून बाहेर फेकतं, आणि हवा उष्णता घेऊन जाते. तासाला १०० घनमीटर हवा जात असेल तर तोच चढ सुमारे पन्नास अंशांवर येतो. काही उष्णता लोखंडी डबाही बाहेर सोडतो. हिशोब ढोबळ आहे, पण त्याचा कल स्पष्ट आहे: मालाला थंड ठेवणारी मुख्य यंत्रणा म्हणजे जाळीतून जाणारा वारा. वैशाखातल्या चाळीस अंशांच्या दुपारी या पन्नासाचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

आणि मसाल्याचा वास म्हणजे उडून जाणारी तेलंच. लवंगेत ती १५ ते २० टक्के असू शकतात, जिऱ्यात २ ते ५ टक्के, धन्यात मात्र एक टक्काही क्वचितच. धन्याचा वास ज्याच्यामुळे येतो त्या लिनालूलचा उत्कलनबिंदू १९८ अंश सेल्सियस आहे, पण उकळेपर्यंत वाट पाहायची गरज नसते. गिरणीच्या गल्लीत शिरल्याबरोबर धन्याचा वास आला, याचा अर्थ तेवढा धन्यातून निघून गेलेला आहे. तापमान दहा-वीस अंशांनी वाढलं की हे उडणं झपाट्याने वाढतं. शिवाय दाणा फुटला की आतल्या तेलाच्या पेशी उघड्या पडतात. कणाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच मालाचा पृष्ठभाग दुप्पट होतो. ऑस्ट्रियाच्या पेटर फॉन रिटिंगर यांनी १८६७ साली दळणाची ऊर्जा या नव्या पृष्ठभागाच्या प्रमाणात धरावी असा नियम मांडला. त्यांच्यापुढे मिरची नव्हती, खाणीतलं खनिज होतं. पण गरजेपेक्षा बारीक दळणं किती महाग पडतं, हे दोन्हीकडे सारखंच खरं आहे. एकदा ऊर्जेत महाग, एकदा वासात.

चोंदलेल्या जाळीचं खरं नुकसान इथे कळतं. तिळात निम्मं तेल, सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त, खसखशीतही भरपूर, आणि मिरचीच्या बियांतही तेल असतंच. गरम झालं की ते पातळ होतं, पुडीत मुरतं आणि भोकांच्या कडांवर लेप चढतो. अर्धी भोकं बुजली की उरलेल्यांतून तेवढाच वारा जायला दुप्पट वेग लागतो आणि त्यासाठी जवळजवळ चौपट दाब. चक्राच्या पंख्याजवळ तेवढा जोर नसतो. म्हणून वारा कमी होतो, माल तापतो, तापल्यामुळे तेल आणखी सुटतं, आणखी भोकं बुजतात. एसटीचं एकच दार अर्धं उघडलं की आत उभ्या माणसांचं जे होतं, तेच आतल्या मिरचीचं होतं. जी केव्हाच बारीक झालेली आहे तीही बाहेर पडता येत नाही म्हणून मार खात राहते. पुडीचा रंग काळपट होतो, वास करपट होतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मिरचीच खराब निघाली.

तळलेल्या कांद्याने हे सगळं टोकाला जातं. ताज्या कांद्यात वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते उन्हात आणि तेलात निघून गेल्यावर उरते ती मुख्यतः साखर, आणि तिच्यावर तळणाचं तेल. साखर आणि तेल यांचा गरम लगदा बारीक भोकाची जाळी पाच मिनिटंही मोकळी राहू देत नाही. म्हणून कांदा-लसूण मशिनीत घालायला कोणताही शहाणा गिरणीवाला नकार देतो, आणि तो टाळाटाळ करतोय असं समजायचं कारण नाही. डंकाला या लगद्याचं काही वाटत नाही. त्याला चोंदायला जाळीच नाही.

डंकाची दुसरी बाजूही मोजून पाहण्यासारखी आहे. समजा, मुसळ १० किलोचं आहे, २० सेंटिमीटर उंचीवरून पडतं आणि मिनिटाला ६० वेळा पडतं. गुरुत्वाकर्षणाचा हिशोब केला तर ते मालाला सुमारे २० वॅट देतं. चार मुसळं मिळून ऐंशी. पल्व्हरायझरच्या २२०० वॅटपुढे हे काहीच नाही. डंकाची मोटरही एक-दोन अश्वशक्तीची असते, पण तिची बरीचशी ताकद पट्टे, दांडे आणि खटके यांच्यात, म्हणजे उखळाच्या बाहेर खर्च होते. डंक सावकाश चालतो, त्यामुळे तासाला माल कमी निघतो. तरीही किलोमागे मालात शिरणारी उष्णता मशिनीच्या काही पट कमीच भरते. शिवाय दोन घावांच्या मधे लोखंडाला आणि मिरचीला निवायला सवड मिळते.

पण डंकाचं मला वाटणारं खरं कौतुक उष्णतेपेक्षा चाळणीचं आहे. डंकावर काम करणारी बाई कुटलेला माल बाहेर काढते, चाळते, जे झालं ते बाजूला ठेवते आणि फक्त भरड परत पाठवते. जे बारीक झालं त्याला पुढचा मार बसत नाही. खाणकामात आणि सिमेंट कारखान्यांत हेच तत्त्व प्रचंड आकारात वापरतात: चक्कीतून निघालेला माल बाहेरच्या विभाजकातून जातो, बारीक पुढे आणि जाड परत चक्कीत. अभियंते त्याला बंद चक्राचं दळण म्हणतात. पल्व्हरायझरने दळणं आणि चाळणं ही दोन कामं एकाच डब्यात कोंबली. जागा वाचली, वेळ वाचला, आणि जाळीवर एक असं ओझं आलं जे तिला पेलत नाही.

यातूनच मशिनीवर चांगला मसाला काढण्याची रीत निघते, आणि जिथे मालक जाणता आहे तिथे ती वापरातही आहे. जाळी मोठ्या भोकाची लावायची. पहिल्या खेपेत नुसती भरड काढायची. ती पसरून निवू द्यायची. मग मध्यम जाळीतून दुसरी खेप, आणि शेवटचा बारीकपणा यंत्राबाहेरच्या चाळणीवर सोडायचा. वर राहील ते परत. दोन खेपा म्हणजे दुप्पट उष्णता असं वाटतं, पण प्रत्येक खेपेत माल आत थांबतो थोडा वेळच, आणि मोकळ्या जाळीतून वारा भरपूर जातो.

चाळणीच्या बाबतीत एक सोय अशी की विणलेल्या तारेची जाळी तिथे बिनधास्त वापरता येते. यंत्रात ती हातोड्याखाली टिकणार नाही, चाळणीत टिकते. विणलेल्या जाळीचा नंबर म्हणजे एका इंचातली घरं. ४० नंबरच्या जाळीत दर घराला ०.६३५ मिलिमीटर जागा येते, तार ०.२ मिलिमीटरची असेल तर उघडं भोक ०.४३५ मिलिमीटरचं आणि उघडा भाग तब्बल ४७ टक्के. एवढा मोकळेपणा ठोकलेल्या पत्र्यात तेवढ्या बारीक भोकाला मिळवणं कठीण. तारेची जाडी वाढली की मात्र नंबर तोच राहूनही भोक लहान होतं. दोन दुकानांतल्या एकाच नंबरच्या चाळण्यांतून वेगवेगळी पूड का येते, त्याचं कारण हे.

जाळीइतकाच आणखी एक गुन्हेगार आहे, त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही: मशिनीच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी. पूड पिशवीत साठते आणि हवा कापडातून बाहेर जाते. कापडही एक जाळीच आहे, तीही सगळ्यात बारीक. दिवसभराच्या मिरचीची धूळ तिच्या विणीत बसली की हवा कोंडते, आणि मागे डब्यात वारा थांबतो. मग जाळी बदला, हातोडे बदला, मोटर मोठी करा, काही उपयोग होत नाही. पिशवी काढून झटकली, आलटून पालटून दोन वापरल्या, मोठ्या घेराची शिवून घेतली की तीच जुनी जाळी नव्यासारखी चालू लागते. मोटर मोठी करणं हा तर उलटाच उपाय. वारा तेवढाच आणि उष्णता जास्त.

सांगलीच्या हळदीची गोष्ट थोडी निराळी आहे. या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीशेजारच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत ती साठवत असत. २००५ च्या पुराने त्या पेवांचं मोठं नुकसान केलं. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेलं हळकुंड दगडासारखं कठीण असतं. ते सरळ बारीक जाळीच्या मशिनीत टाकलं तर हातोडे आणि पत्रा दोन्ही झिजतात आणि झिजलेलं लोखंड पुडीत जातं. म्हणून हळद आधी भरडतात, मग दळतात. हळदीत तेल जाळी चोंदवण्याइतकं नसतं, त्यामुळे तिला मशीन मानवते. तिचा प्रश्न कठीणपणाचा आहे. घरी आणलेल्या हळदीवरून किंवा तिखटावरून एक लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवून बघावा. त्याला काळी लव चिकटली तर हातोडे किंवा साध्या लोखंडाची जाळी झिजते आहे. स्टेनलेस पत्र्याची जाळी महाग पडते, पण ती गंजत नाही आणि धुता येते. मात्र तिचा कीस चुंबकाला सहसा चिकटत नाही, हेही लक्षात ठेवावं.

वारा, जाळी आणि सुका माल यांचं हे त्रिकूट फक्त गिरणीत नाही. चिलमीत तळाशी एक खडा टाकतात आणि खाली ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात. खडा पाला अडवतो आणि बाजूने वारा जाऊ देतो, छापी राख आणि उष्णता गाळते. जाळीचीच ही जुनी रूपं. परदेशात अलीकडे सुका पाला न पेटवता, साधारण १६० ते २२० अंशांच्या गरम हवेने त्यातले उडणारे घटक ओढून घेणारी हातात मावणारी उपकरणं निघाली आहेत. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटींबरोबर अशी न पेटवता तापवणारी उपकरणं बनवणं, आणणं, विकणं बंद केलं. त्या उपकरणांतही पाल्याच्या वर-खाली तारेच्या जाळ्या असतात आणि तिथेही तोच अनुभव येतो: पाला फार बारीक आणि जाळीही फार बारीक असेल तर राळ साचून भोकं बुजतात, वारा अडतो, कुठे करपतं आणि कुठे कच्चं राहतं. जाळी जरा मोकळी आणि पाला जरा जाडसर ठेवला की हवा सगळीकडून सारखी फिरते. विज्ञान एकच, हेतू उलटा. तिथे पाल्यातला वास गरम वाऱ्याने बाहेर काढायचा असतो. गिरणीत तो वाऱ्याने थंड ठेवून आत राखायचा असतो.

मोठे मसाला उत्पादक यावर थेट थंडीचा उपाय करतात. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन मालावर सोडला की तेलं गोठतात, मिरची काचेसारखी ठिसूळ होते, जाळी चोंदत नाही आणि वासही जागेवर राहतो. गावच्या गिरणीला हे परवडणारं नाही. पण त्यातली अर्धी युक्ती आपल्या घरांत आहेच: मिरची कडक उन्हात वाळवून, वातड न होऊ देता, हाताने मोडली तर टचकन तुटेल अशी करून नेणं. दळण सकाळी लवकर नेणं ही दुसरी. पहाटेची हवा दुपारपेक्षा पंधरा-वीस अंशांनी थंड असते, आणि ती थंडी जाळीतून फुकट वाहते.

गिरणीत येणाऱ्या ठसक्याचा मात्र वासाशी संबंध नाही. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन सहजासहजी उडत नाही. नाकात जाते ती त्याची धूळ. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने कॅप्सेसिन ज्याला चिकटतं तो मज्जातंतूंवरचा ग्राही (रिसेप्टर) शोधून काढला आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळालं. हाच ग्राही सुमारे ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो, म्हणून तिखटाची आग 'गरम' वाटते. याचा व्यवहारातला अर्थ असा की तापलेल्या मशिनीतून आलेलं तिखट चवीला तेवढंच जहाल असतं. गेलेला असतो तो वास आणि काही रंग. जिभेवर फरक कळत नाही म्हणून जाळीकडे दुर्लक्ष होत राहतं. फरक कळतो तो आमटीला फोडणी दिल्यावर.

गिऱ्हाइकाने विचारण्यासारखे प्रश्न त्यामुळे साधे आहेत. आधीचं दळण कशाचं होतं? तीळ-खोबऱ्याचं असेल तर आधी मूठभर तांदूळ किंवा खडे मीठ काढून जाळी मोकळी करून घ्यावी. क्रम हळद, धने, शेवटी मिरची असा ठेवावा. तीळ, खसखस, खोबरं मशिनीत एकटं कधीच देऊ नये. धन्यात मिसळून दिलं तर कोरडा धना त्यांचं तेल शोषतो. पूड हातात घेऊन पाहावी. नुसती कोमट असेल तर ठीक; चटका बसत असेल तर पिशवी झटकायला आणि जाळी बदलायला सांगावं, आणि दोन खेपांचे पैसे द्यायची तयारी ठेवावी. गरम पूड तशीच डब्यात भरली तर तिच्यातली वाफ झाकणाखाली पाणी होऊन परतते. स्वच्छ कागदावर पसरून निवली की मगच भरावी.

हे सगळं ठाऊक असूनही गिरण्या बदलत नाहीत, त्याचं कारण असं की दळणाचा दर किलोवर असतो. दोन खेपा, मधे निववणं, बाहेर चाळणं यात वेळ दुप्पट जातो आणि उन्हाळ्याच्या गर्दीत रांग दारापर्यंत असते. जिल्हा परिषदांचे महिला व बालकल्याण विभाग अनुदानावर मिरची कांडप यंत्रं देतात. केंद्राच्या २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. या पैशातून बचत गट सहसा जास्त अश्वशक्तीचं यंत्र घेतात. त्याऐवजी आहे तेच यंत्र ठेवून शेजारी एक मोटरवर हलणारी चाळण, स्टेनलेसच्या मोकळ्या दोन जाळ्या आणि मोठ्या घेराच्या चार पिशव्या घेतल्या तर खर्च पुष्कळ कमी येईल. आणि मग लोणंदच्या मावशीला फक्त कांदा-लसणापुरतंच डंकाकडे जावं लागेल.